राणीचं गिलाव्याचं घर

ऑस्बर्न हाउसची भिंत लांबून पाहिली तर मधाळ रंगाच्या दगडाची वाटते. चिऱ्यावर चिरा, मधे सरळ सांधे, कोपरे तासून काढल्यासारखे. जवळ गेलं की खरं काय ते कळतं. आत साध्या विटा, वर सिमेंटचा गिलावा, आणि तो ओला असताना पट्टी धरून ओढलेल्या रेघा. जिच्या राज्यावर सूर्य मावळत नाही असं आपल्या पणजोबांना शाळेत घोकायला लावायचे, त्या व्हिक्टोरिया राणीने स्वतःसाठी हौसेने घर बांधलं ते गिलाव्याचं! आणि त्यात तिला काडीचाही कमीपणा वाटला नाही.

हे घर इंग्लंडच्या दक्षिणेला, आयल ऑफ वाइट नावाच्या बेटावर आहे. १८४५ साली राणी आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट यांनी ही जागा घेतली, तेव्हा दोघांनी नुकती पंचविशी ओलांडली होती आणि पदरात चार मुलं होती. राहायला राजवाड्यांची वाण नव्हती. पण बकिंगहॅम, विंडसर, ब्रायटन हे सगळे वाडे सरकारी. तिथे काही बदलायचं तर या खात्याकडून त्या खात्याकडे कागद फिरायचे. ब्रायटनला तर आणखी एक ताप होता. समुद्रावर फेरफटका मारायला निघालं की दुकानांतली पोरं धावत पुढे येऊन थेट राणीच्या टोपीखाली डोकावून तोंड बघायची. तिला हवी होती स्वतःच्या मालकीची, निवांत, आडबाजूची जागा. लहानपणी ती ऑस्बर्नच्या शेजारी नॉरिस कॅसलमध्ये सुट्टीला येऊन गेली होती. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी मध्ये पडून सौदा जमवायला मदत केली. पैसे राणीने आपल्या खासगीतून घातले, म्हणजे घर तिचं, सरकारचं नव्हे.

जागेवर अठराव्या शतकातलं एक टुमदार घर होतं, पण या कुटुंबाला ते पुरणारं नव्हतं. म्हणून नवं घर बांधायचं ठरलं आणि पुढे जुनं पाडलं. त्याच्या दर्शनी दाराची कमान मात्र फेकली नाही. ती उचलून भाजीपाल्याच्या बागेचं प्रवेशद्वार म्हणून बसवली. ती आजही तिथे आहे. काटकसरी संसारी माणसांचंच हे काम.

घराचं रूप ठरवलं अल्बर्टने. तरुणपणी तो इटलीत फिरून आला होता. ऑस्बर्नच्या उतारावरून खालची सोलेंटची सामुद्रधुनी पाहिली आणि त्याला नेपल्सचा उपसागर आठवला. इंग्लंडचं आभाळ वर्षातले कितीतरी दिवस राखाडी असतं, तेव्हा नेपल्स दिसायला थोडं प्रेम आणि बरीचशी कल्पनाशक्ती लागते. अल्बर्टकडे दोन्ही होतं. त्याने इटालियन व्हिला बांधायचं ठरवलं.

या शैलीची एक खुबी नीट समजून घेण्यासारखी आहे. त्याआधीची बडी इंग्लिश घरं बहुतेक समतोलावर बेतलेली असायची. मधोमध दार, डावीकडे जितक्या खिडक्या तितक्याच उजवीकडे. अशा घराला नंतर एक खोलीही वाढवता येत नाही, तोल जातो. इटालियन व्हिलाचं तसं नाही. कुठे चौकोनी मनोरा, कुठे कमानींची ओसरी, कुठे उंच तर कुठे बसकं छप्पर, असा तो मुळातच विस्कळीत असतो. त्यामुळे गरज पडेल तशी एखादी बाजू वाढवली तरी सौंदर्याला धक्का बसत नाही. इंग्लंडमध्ये जॉन नॅशने १८०२च्या सुमारास श्रॉपशायरमध्ये क्रॉंकहिल नावाचं असं एक छोटं घर बांधून दाखवलं होतं. पुढे एकूण नऊ मुलं होणार असलेल्या जोडप्याला याहून सोयीची शैली सापडली नसती. ऑस्बर्नही तुकड्यातुकड्यानेच वाढलं. आधी फक्त कुटुंबापुरता ‘पॅव्हिलियन’, तो १८४६ मध्ये पुरा झाला. मग दरबारी मंडळींसाठी आणि पाहुण्यांसाठीच्या बाजू, त्या १८५१ पर्यंत चालल्या. दोन मनोरे, एक निशाणाचा आणि एक घड्याळाचा. एकसारखे वाटतात, पण आमनेसामने मुद्दाम बसवलेले नाहीत.

आता यातला सर्वांत धाडसी निर्णय. या घराला नामांकित वास्तुविशारद नेमलाच नाही. काम दिलं थॉमस क्युबिटला, आणि क्युबिट म्हणजे आजच्या भाषेत बिल्डर. सुताराचा मुलगा. तरुणपणी भांडवल जमवायला जहाजावर सुतारकाम करत हिंदुस्थानापर्यंत येऊन गेलेला. परतल्यावर त्याने एक नवी गोष्ट केली. तोपर्यंत घर बांधायचं तर गवंडी वेगळा ठरवा, सुतार वेगळा, रंगारी वेगळा, आणि एकाची वाट पाहत दुसरा बसून. क्युबिटने सगळ्या कारागिरांना एका छपराखाली पगारावर ठेवलं. या कारागिरांना वर्षभर काम पुरवायचं तर घरं बांधतच राहायला हवं, म्हणून त्याने लंडनमधल्या बेलग्रेव्हियाचे रस्तेच्या रस्ते उभे केले. गिलाव्याच्या पांढऱ्या घरांच्या त्या रांगा आज कोट्यधीशांच्या आहेत. लंडनच्या वास्तुविशारदांच्या वर्तुळात राणीच्या या निवडीवर नाकं मुरडली गेली असतील तर नवल नाही. पण काम वेळेत आणि ठरल्या पैशांत होत होतं, आणि राणीला हा साधा, मोकळा माणूस आवडला. १८५५ मध्ये तो गेला तेव्हा तिला खरोखर वाईट वाटलं होतं.

इटालियन मुखवट्यामागे क्युबिटने जे केलं ते पाहून मी थक्क होतो. १८३४ मध्ये लंडनचं पार्लमेंट जळून खाक झालं होतं. लाकडी तुळया आणि लाकडी तक्तपोशीची मोठी इमारत म्हणजे रचून ठेवलेलं सरपण, हा धडा ताजा होता. म्हणून ऑस्बर्नमध्ये तुळया ओतीव लोखंडाच्या. दोन तुळयांच्या मध्ये विटांची बसकी कमान, तिच्यावर जमीन. मुंबईतल्या जुन्या गोदामांत आणि रेल्वेच्या इमारतींत मान वर केली की अशा कमानींच्या रांगा आजही दिसतात. पण कमानीच्या आणि जमिनीच्या मधल्या पोकळीत काय भरायचं? रेती जड. लाकडाचा भुसा पेटणार. इथे भरले समुद्रावरचे शिंपले! हलके, कोरडे, कुजत नाहीत, जळत नाहीत, आणि प्रत्येकात थोडी हवा अडकलेली. वरच्या मजल्यावर मुलांनी धुडगूस घातला तरी खाली आवाज कमी पोहोचतो. साम्राज्याचे खलिते वाचत बसलेल्या राणीच्या डोक्यावर चार-सहा राजपुत्र-राजकन्या पळापळी करताहेत, आणि मध्ये शिंपल्यांचा थर. मला तरी या घरातल्या सगळ्या झुंबरांपेक्षा हे शिंपले मोलाचे वाटतात.

खिडक्यांची काचही जागा घेतली त्या वर्षाची कहाणी सांगते. इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता. तो रद्द झाला नेमका १८४५ मध्ये. मोठ्या, अखंड काचा बसवायची हौस परवडू लागण्याचा तो मुहूर्त. ऑस्बर्नच्या समुद्राकडच्या खोल्यांत बारीक चौकटींचं जाळं आडवं येत नाही. उतरती बाग, कारंजी, झाडी आणि पाणी थेट आत येतं. झाडं लावतानाही अल्बर्टने गंमत केली. तो उंचावर उभा राहायचा आणि खाली माळ्यांना निशाणं हलवून खुणा करायचा : हे झाड डावीकडे घ्या, ते मागे सरकवा. चित्रकार कॅनव्हासपासून दूर जाऊन पाहतो, तसं त्याने उभ्या टेकडीशी केलं.

सप्टेंबर १८४६ मध्ये कुटुंब नव्या घरात राहायला आलं. राणीने उंबरठा ओलांडला तेव्हा तिच्या सोबतच्या एका स्कॉटिश मुलीने तिच्या मागे जुना बूट भिरकावला. गृहप्रवेशाचा शकुन! आपण माप ओलांडतो, नारळ फोडतो, त्यांच्याकडे बूट.

आत शिरलं की मुख्य खोल्यांची मांडणी बुचकळ्यात टाकते. दिवाणखाना, जेवणाची खोली आणि बिलियर्डची खोली एकमेकींत उघडतात, पण सरळ रांगेत नाहीत. जिन्याभोवती घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या. कारण फार गोड आहे. राणीसमोर कुणी बसायचं नाही, असा दरबारी दंडक. संध्याकाळी सेवेतले सरदार तासन्‌तास उभे. मग काटकोनात वळलेल्या बिलियर्डच्या खोलीत ते हजरही असत आणि राणीच्या नजरेआडही. नजरेआड म्हणजे समोर नाही, आणि समोर नाही म्हणजे बसायला हरकत नाही. नियम मोडला नाही, पायही दुखले नाहीत. रीतिरिवाज आणि गुडघे यांचं भांडण घराच्या आराखड्याने मिटवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्याच खोलीतलं बिलियर्डचं टेबल संगमरवरी भासतं. ते पाटीच्या दगडाचं आहे, वरून रंगवलेलं. राणीच्या खासगी खोल्यांत नळाचं पाणी येणारी आंघोळीची सोय आहे, तीही कपाटासारख्या दारांमागे दडवलेली. वीट दगडाचं सोंग घेते, पाटी संगमरवराचं, न्हाणीघर कपाटाचं. नव्या यंत्रयुगाचं सगळं या घराला हवं होतं, फक्त ते दिसायला नको होतं.

राणीच्या बैठकीच्या खोलीत दोन मेजं शेजारी शेजारी लावलेली आहेत, एक तिचं, एक त्याचं. ती जोडी पाहिली की साम्राज्याचा कारभार काही वर्षं कसा चालायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

मुलांसाठी आवारात स्विस पद्धतीचं लाकडी घर बांधलं, १८५३-५४ मध्ये. तिथे खरी चूल असलेलं लहान स्वयंपाकघर होतं, त्यात राजकन्या पाव-बिस्किटं भाजायला शिकल्या. प्रत्येक मुलाला जमिनीचा वाफा, आपापली आद्याक्षरं घातलेली ढकलगाडी आणि अवजारं. भाजी चांगली आली तर अल्बर्ट ती बाजारभावाने विकत घ्यायचा. पोरांना फुकट खाऊ नाही, कष्टाचा मोबदला. समुद्रावर राणीसाठी चाकांची लाकडी न्हाणी होती. ती पाण्यापर्यंत ढकलत न्यायची, आतून राणी पडद्याआड पाण्यात उतरणार. १८४७ मध्ये तिने आयुष्यात पहिल्यांदा समुद्रस्नान केलं. मजा आली, पण डोकं बुडवल्यावर गुदमरायला झालं, अशी नोंद तिच्या रोजनिशीत आहे. पुढे त्या न्हाणीचं कोंबड्यांचं खुराडं झालं होतं. आता ती दुरुस्त होऊन पुन्हा किनाऱ्यावर आली आहे.

डिसेंबर १८६१ मध्ये अल्बर्ट विंडसरला वारला. राणी बेचाळीस वर्षांची होती. त्यानंतरची चाळीस वर्षं ती काळ्या कपड्यांत वावरली आणि ऑस्बर्नला येत राहिली. तरीही घर थिजलं नाही, हे मला विशेष वाटतं. जानेवारी १८७८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपला टेलिफोन घेऊन इथेच आला. काउज, साउदॅम्प्टन, लंडनपर्यंत तारा जोडल्या. तारेच्या दुसऱ्या टोकाहून एक बाई गात असताना बेलने उत्साहाच्या भरात राणीचं लक्ष वेधायला तिच्या हातालाच स्पर्श केला. दरबारी मंडळींचा श्वास अडकला. राणीने मात्र ते मनावर घेतलं नाही.

मोठ्या मेजवान्यांना पुरेशी खोली या घरात कधीच नव्हती. माणसं वाढली की हिरवळीवर तंबू ठोकावा लागे. अखेर १८९०-९१ मध्ये आणखी एक बाजू बांधायला घेतली, आणि इथे इटलीची वाट एकदम लाहोरकडे वळली. सल्लागार होते जॉन लॉकवुड किपलिंग. हे नाव मुंबईकराला परकं नाही. १८६५ ते १८७५ ही दहा वर्षं ते जे. जे. कलाशाळेत शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं त्यांची. त्यांचा मुलगा रुडयार्ड जे. जे.च्याच आवारात जन्मला. मुंबई सोडून ते लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्रमुख झाले, आणि तिथे त्यांना भाई रामसिंग हा शिष्य मिळाला. सुतार कुळातला, विलक्षण हाताचा. राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या घरातली बिलियर्डची खोली या दोघांनी भारतीय कोरीव कामाने नटवली होती. ते पाहून राणीने रामसिंगला ऑस्बर्नला बोलावून घेतलं. १८९१ मध्ये तो आला.

दरबार हॉल त्याने केला. छत, भिंती, खांब, सगळीकडे वेली, जाळ्या, कंगोरे. शेकोटीवर पिसारा फुलवलेला भव्य मोर. पाहणाऱ्याला वाटतं हे पांढरं कोरीव काम शंभर कारागिरांनी जन्मभर घासलं असणार. नाही! रामसिंगने लाकडात साचे कोरले आणि त्यावरून लंडनच्या जॅक्सन कंपनीने गिलाव्याचे आणि कागदाच्या लगद्याचे तुकडे ओतून बसवले. इथेही ऑस्बर्नचा स्वभाव सुटला नाही. पण साच्यातला प्रत्येक वळसा रामसिंगच्या पटाशीने निघालेला आहे, त्यामुळे ओतीव असूनही ते काम जिवंत वाटतं. दिवे विजेचे लावले, हेही आलंच. रामसिंग पुढे लाहोरला परतला. अमृतसरच्या खालसा कॉलेजची इमारत त्याने आखली. आपल्याकडच्या वास्तुकलेच्या इतिहासात त्याचं नाव जितकं मोठ्याने घेतलं जायला हवं, तितकं घेतलं जात नाही.

ऑस्बर्नची नक्कल जगभर झाली. इंग्लंडच्या उपनगरांत वकील-व्यापाऱ्यांनी चौकोनी मनोऱ्यांची गिलाव्याची घरं उठवली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचं गव्हर्नमेंट हाउस याच नमुन्यावर झालं. आणि पुण्यात गणेशखिंडीला मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाठी पावसाळी निवास बांधला, त्याच्या उंच मनोऱ्याचं मूळही अभ्यासक ऑस्बर्नमध्ये पाहतात. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये, जेम्स ट्रबशॉच्या आराखड्यावर काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये संपलं. खर्च इतका फुगला की लंडनच्या पार्लमेंटात बोंब झाली. तीच इमारत आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

या नात्याला एक धारदार टोक आहे. २२ जून १८९७. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा हीरक महोत्सव, आणि गणेशखिंडीच्या त्या वाड्यात रोषणाई, मेजवानी. गावात प्लेगची आणि प्लेगच्या नावाखाली झालेल्या जुलमांची जखम ओली. मेजवानी आटोपून बाहेर पडलेल्या प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. राणीच्या आवडत्या घराच्या धर्तीवर उठवलेल्या वाड्यात राणीचाच सण चालू होता, आणि तिच्या साम्राज्याला उत्तर मिळालं ते त्याच वाड्यावरून येणाऱ्या रस्त्यावर.

व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बर्नमध्येच वारली. तिची इच्छा होती की घर कुटुंबात राहावं. मुलाला, सातव्या एडवर्डला, ते नको होतं. १९०२ मध्ये आपल्या राज्याभिषेकाच्या वेळी त्याने ते राष्ट्राला देऊन टाकलं. मग आवारात नौदलाचं विद्यालय आलं, आणि घराच्या एका भागात आजारी अधिकाऱ्यांचं विश्रामगृह. राणीच्या खासगी खोल्यांना मात्र कुलूप लागलं. १९५४ मध्ये एलिझाबेथ राणीने परवानगी दिली, तेव्हा कुठे लोक त्या पाहू शकले. आज घराची देखभाल इंग्लिश हेरिटेज ही संस्था करते. इंग्लंडमधल्या संरक्षित इमारतींच्या यादीत ऑस्बर्न पहिल्या श्रेणीत आहे, आणि यादीतल्या इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के त्या श्रेणीत असतात. सरकारी मंजुरीशिवाय इथे एक खिडकीसुद्धा बदलता येत नाही. जो गिलावा खऱ्या दगडाला स्वस्त पर्याय म्हणून लावला होता, तोच आता जिवापाड जपावा लागतो. भेग पडली तर जुन्याशी जुळणारं मिश्रण शोधून बुजवावी लागते.

कधी लंडनला जाणं झालं तर एक दिवस या घरासाठी काढा. साउदॅम्प्टनहून ईस्ट काउजला बोट मिळते, तिथून घर जवळ आहे. बहुतेक लोक दरबार हॉलमधला मोर पाहून, मान दुखेपर्यंत छत पाहून परततात. तुम्ही त्याला लागून असलेल्या बोळात थांबा. तिथे रुडॉल्फ स्वोबोडा या ऑस्ट्रियन चित्रकाराने रंगवलेल्या हिंदुस्थानी माणसांच्या लहान लहान तसबिरी आहेत. राणीने त्याला १८८६ मध्ये खास त्यासाठी भारतात पाठवलं होतं. त्याच वर्षी लंडनच्या प्रदर्शनासाठी आग्र्याच्या तुरुंगातून नेलेले कारागीरही त्याने रंगवले, आणि त्यांतला बक्षीराम कुंभार तेव्हा एकशे दोन वर्षांचा असल्याचं सांगत. राजवाड्यांच्या भिंतींवर राजांच्या तसबिरी पुष्कळ पाहायला मिळतात. विणकर, कुंभार, शिपाई यांचे चेहरे इतक्या आस्थेने रंगवून लावलेली राजघराण्याची भिंत मात्र विरळा, आणि ऑस्बर्नमध्ये सोंग न घेतलेली हीच एक भिंत आहे असं माझं मत आहे.